वाघाचे पाय

आमच्या घरात वडिलांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहायची पद्धत नव्हती, पण त्यांचे पाय आम्हा मुलांना पाठ होते. सकाळी आंघोळ झाली की केसांचे पाणी निथळत असतानाच अप्पांसमोर जायचे, वाकायचे, दोन्ही पायांना कपाळ टेकवायचे आणि मगच कॉफी मागायची. वर मान करून त्यांच्याशी बोलायचा प्रसंग दिवसातून एकदा यायचा. रात्रीच्या जेवणाच्या वेळी प्रत्येकाने एक इंग्रजी वाक्य बोलायचे आणि अप्पांनी ते दुरुस्त करायचे. तेव्हाही मी पानातल्या भाताकडे पाहूनच बोलत असे. पाय मात्र मी डोळे मिटून काढून दाखवले असते. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, उजव्या घोट्यावर भाजल्याचा चिंचोक्याएवढा डाग, टाचा पांढऱ्या आणि भेगाळलेल्या. कोर्टातून येऊन बूट काढले की त्या टाचांवर आई एरंडेल चोळायची आणि ते पाय आखडून घ्यायचे.

अप्पा कुंभकोणमच्या मुन्सिफ कोर्टात हेडक्लार्क होते. गळ्यापर्यंत बटणांचा कोट, पाच काष्ट्यांचे धोतर, डोक्याला जरीकाठी फेटा. उघड्या अंगाने मी त्यांना कधी पाहिले नव्हते. आंघोळसुद्धा दाराला कडी लावून व्हायची. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलायचो, ओट्यावरून पाय रस्त्यावर पडला की तमिळ, आणि कागद समोर आला की इंग्रजी. या तीन खोल्यांची सरमिसळ अप्पांना खपत नसे. (नातवंडांनो, तुम्ही वाचता ती ही मराठी मी पुढे पुस्तकांतून शिकले. माझी लहानपणची भाषा ऐकून तुमच्या पुण्याच्या मावशी अजून तोंडाला पदर लावतात.) नवस, अंगारे, दृष्ट काढणे, हे अप्पांच्या मते कोणत्याच खोलीत बसत नव्हते. आईने तिरुनागेश्वरम्‌ला दुधाचा नवस बोलला तेव्हा ते म्हणाले होते, "देवाला लाच देणाऱ्यांना कोठल्या कोर्टात नेऊ, ते सांग."

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मला देवी आल्या होत्या. आमच्याकडे तेव्हा म्हणत, घरात अम्मा आली. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या, आणि घरात अम्मा असेपर्यंत फोडणी करायची नाही म्हणून स्वयंपाकघर मुके झाले. मोहरी तडतडण्याचा आवाज बंद झाला की घर किती रिकामे वाटते, हे मी त्या खोलीत पडून शिकले, कारण ऐकण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते. माझे डोळे चिकटून बंद झाले होते. अकरा दिवस. मोठी माणसे दाराबाहेर बोलत, आणि मुलांना ऐकू येत नाही असे मोठ्यांना नेहमीच वाटत असते. "जीव वाचेल, दृष्टीचे सांगवत नाही," हे वाक्य मी ऐकले होते. बाराव्या दिवशी डोळे उघडले. पहिल्यांदा दिसले ते कडुलिंबाचे पान, इतके हिरवे की मला रडू आले. अप्पा तेव्हा कोर्टात होते. चेहऱ्यावरचे वण तुम्ही पाहिलेच आहेत. लहानपणी तुमच्यातल्या एकाने त्यांत बोट घालून मोजायला सुरुवात केली होती.

आता थोरल्या काकांविषयी. अप्पांचे हे मोठे भाऊ शाळेत ड्रॉइंग मास्तर होते; बाहेरचे लोक त्यांना वाध्यार, म्हणजे मास्तर, म्हणत. काकू लवकर गेली, त्यामुळे ते आमच्याकडेच राहत. त्यांच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास असे आणि तो वास घरभर पसरू नये म्हणून आई त्यांच्या उंबऱ्यावर उदबत्ती लावी. वर्षातून एकदा, गल्लीमागच्या मारियम्मनच्या, म्हणजे त्या देवीच्या अम्माच्याच, उत्सवात, काका पुलिवेषाच्या माणसांना रंगवत. पुलिवेष म्हणजे वाघाचे सोंग. सोंग म्हणजे मुखवटा नव्हे. माणसाच्या अंगावरचा केस न् केस भादरून, नखापासून टाळूपर्यंत अंगावरच वाघ काढायचा, आणि मग तो वाघ तप्पू नावाच्या डफाच्या तालावर गल्लोगल्ली नाचायचा. अप्पांना हे पसंत नव्हते, पण थोरल्या भावाला ते काही बोलत नसत. काकांचे रंग घोटून द्यायचे काम माझ्याकडे होते. कुंचल्याने न थरथरता लांब रेघ ओढता येते म्हणून ते मला "माझा डावा हात" म्हणत.

त्या वर्षी त्यांच्या मदतनिसाला कावीळ झाली. अप्पा पहाटेच्या गाडीने सुंदरपेरुमाळ कोयिल या गावी शेत पाहायला गेले होते, छत्री घेऊन. काका न्याहारीला येऊन, माझ्याकडे बोट करून आईला म्हणाले, "अंबूला घेऊन जातो गे. रंगाचे काम आहे." आई अडै, म्हणजे डाळीची जाड धिरडी, भाजत होती. तिने तव्यावरून नजर न काढता विचारले, "आजच?" काका म्हणाले, "आजच." आईने उलथने बाजूला ठेवले, आणि अडै करपली. आईच्या हातून अडै करपल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते.

पितळेची भांडी ठोकण्याच्या एका कारखान्यामागे लांब पडवी होती. उत्सवामुळे ठोकणे बंद होते. आत जाता जाता मी दारातच उभी राहिले. लंगोट लावलेली मोठी माणसे उजेडात उभी होती. न्हावी एकाची पाठ भादरत होता, वस्तरा खरवडल्याचा आवाज येत होता, आणि जमिनीवर काळ्या केसांचे पुंजके होते. मी अकरा वर्षांची होते. नजर कुठे ठेवावी ते मला कळेना, म्हणून मी पिवळ्या रंगाच्या डब्यात ठेवली. डब्यात पिवडी आणि व्हार्निश होते, डोळे चुरचुरत होते. चार वाघ होते. रंग वाळेपर्यंत वाघाला बसता येत नाही, हात अंगाला लावता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाने दोन्ही बाजूंना दोन बांबू धरून हात पसरून उभे राहायचे. शेजारी निखाऱ्यांच्या शेगड्या. असे चार चार तास.

"पाप्पा, तुम्ही इथे?" एक अर्धा पिवळा वाघ मला तमिळमध्ये म्हणाला. पाप्पा म्हणजे लहान मुलगी. आवाजावरून ओळखले. तो गोविंदन, अप्पांच्या कोर्टातला शिपाई. रोज संध्याकाळी कागदांचे गाठोडे घेऊन आमच्या पायरीपर्यंत यायचा. पायरीच्या वर नाही. "हेडक्लार्क दोरैंना माहीत आहे का?" दोरै म्हणजे साहेब, आमचे अप्पा.

"दोरै गावाला गेलेत," काका म्हणाले. "तू पोट आत घे. वाघ दिसायचा आहेस, हत्ती नव्हे."

"दोरै इथे असते ना, वाध्यार, तर चारही वाघ शेपूट घालून पळाले असते." आणि त्याने, हात पसरलेलेच ठेवून, मान ताठ करून, अप्पांच्या तंतोतंत आवाजात इंग्रजीत म्हटले, "जे काय असेल ते लेखी द्या." न्हावी हसला. दुसरे दोघे हसले. आणि मीही हसले, मोठ्याने, कारण ते अगदी अप्पाच होते.

कोपऱ्यात चौथा वाघ भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो हसला नाही. त्याचे तोंड आणि कमरेपर्यंतचे अंग काकांनी पहाटेच, कोणी यायच्या आत पिवळे केले होते. डोक्याला घट्ट पिवळे फडके. गोविंदनने भुवयांनी तिकडे खूण करून विचारले, "तो कोण?"

"नवसाचा आहे."

एवढे पुरे होते. नवसाच्या वाघाला नाव विचारायचे नाही, आणि अंगाला पहिला रंग लागल्यापासून धुऊन निघेपर्यंत त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर नवस फुकट. पण न्हाव्यांना गप्प बसवत नाही. त्याने विचारले, "कसला नवस?" काका काळा रंग ढवळत होते. ढवळता ढवळता सावकाश म्हणाले, "त्याच्या पोरीला अम्मा आली होती. डोळे मिटले होते. तो म्हणाला, पोरीचे डोळे उघड, मी तुझ्या रस्त्यावर वाघ होऊन नाचेन."

"उघडले?"

"उघडले."

मी हे सगळे ऐकत होते, आणि खरे सांगते, मला त्या दुसऱ्या मुलीविषयी कुतूहल वाटले. तिलाही कडुलिंबाचे पान दिसले असेल का, असे मनात आले. इतकेच. मूल स्वतःला गोष्टीत शेवटी ओळखते.

काकांनी माझ्या हातात कुंचला दिला. "नवशिक्याने पायांपासून सुरुवात करायची. तोंड मास्तरचे, पाय पोराचे. पाय चुकले तर कोणी बघत नाही." मी डबा घेऊन कोपऱ्यात गेले आणि उकिडवी बसले.

समोर डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती.

उजव्या घोट्याचा डाग पाहायची गरज नव्हती, तरी पाहिला. टाचा पाहिल्या. मी मान वर केली नाही. त्या क्षणी मला काय वाटले ते नंतर लावून पाहिले आहे. अप्पा उघडे आहेत, अप्पा गाडीने गेलेच नाहीत, गोविंदनने नक्कल केली ती त्यांनी ऐकली, मी हसले तेही ऐकले, आणि ती मुलगी मी आहे. पण तेव्हा यातले काहीच इतके नीट नव्हते. तेव्हा फक्त एक झाले. इतकी वर्षे ते पाय दिसले की मी वाकत होते, तशी वाकले. कपाळ टेकवले. काकांनी पावलांवर नुकताच एक हात मारला होता, तो ओला होता. वर आले तेव्हा माझ्या कपाळाला पिवळा रंग होता आणि त्या पायावर माझ्या कपाळाएवढी कोरी जागा.

वस्तऱ्याचा आवाज थांबला. मी मागे पाहिले तर गोविंदन माझ्या कपाळाकडे, मग त्या पायांकडे पाहत होता. त्याला कळले असते तर उद्या कोर्टाला कळले असते. ब्राह्मण हेडक्लार्क मारियम्मनच्या रस्त्यावर लंगोट लावून नाचला. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, लग्न तंजावरच्या ज्या घरात ठरत होते, ते सोवळ्याबाहेरचे पाणी न पिणारे लोक, त्यांना कळले असते. अकरा वर्षांच्या मुलीला एवढे समजत होते. माझ्या समोरच्या पायांची सगळी बोटे जमिनीला घट्ट धरून होती. ती व्यक्ती बोलू शकत नव्हती, आणि मी काही बोलले असते तर तोंडातून "अप्पा" हाच शब्द आला असता.

"बरी आठवण ठेवलीस," काका म्हणाले. आवाज रोजचाच, पण असे काही त्यांनी मला कधी सांगितलेच नव्हते. "पहिल्या दिवशी नवशिक्याने वाघाच्या पाया पडायचे. मीही पडलो होतो माझ्या गुरूसमोर. आणि मास्तरने नवशिक्यानंतर." असे म्हणून ते आले, गुडघे टेकले, आणि अप्पांच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले. थोरल्या भावाने धाकट्याच्या पायांवर. आमच्या घरात आकाश खाली आले असते तरी मला इतका धक्का बसला नसता. समोरचे पाय मागे सरू लागले, तेव्हा काकांनी दोन्ही घोटे हातांनी धरून ठेवले, अगदी क्षणभरच.

मग गोविंदन म्हणाला, "मग आम्ही काय मांजरे आहोत, वाध्यार? आमच्या पाया कोण पडणार?"

हे त्याने ओळखून म्हटले की न ओळखता, ते मला आजही ठरवता आलेले नाही. मी काकांकडे पाहिले. काकांनी माझ्याकडे पाहिले. नियम असेल तर तो सगळ्या वाघांना लागू व्हायला हवा, नाहीतर तो नियम नव्हे. "जा," काका म्हणाले.

मी उठले, पण लगेच गेले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण मी क्रमाने आणि खरे लिहायचे ठरवले आहे. कोपऱ्यातल्या पायांसाठी माझे शरीर आपोआप वाकले होते. गोविंदनच्या पायांपर्यंतची पाच पावले मला एकेक करून टाकावी लागली. मग मी वाकले. गोविंदनने पाय मागे ओढला. गुडघ्यावरचा अर्धवट वाळलेला रंग तडकला आणि त्याचे पापुद्रे माझ्या केसांवर पडले. "नको, पाप्पा," तो म्हणाला, "मी थट्टा केली." त्याचा चेहरा रंगाखालून कसा झाला होता ते मी पाहिले. माझ्याहून जास्त धक्का त्याला बसला होता. पण मी कपाळ टेकवले होते. उरलेल्या दोघांच्याही पाया पडले. न्हाव्याने वस्तरा पुन्हा दगडावर घासायला घेतला.

मग मी कोपऱ्यात जाऊन बसले आणि अप्पांचे पाय रंगवले. कोरी जागा भरली, बोटांच्या बेचक्यांत रंग घातला, वाळल्यावर पोटऱ्यांवर काळे पट्टे ओढले. नजर वर जाऊ नये म्हणून मी बोटांनी मोजून घेतले. डावीकडे चार बोटांवर पट्टा, तर उजवीकडेही चार बोटांवर. वर काका छाती रंगवत होते. अप्पांचे जानवे त्यांनी काढायला लावले नव्हते. त्याच तिरप्या रेषेवरून काळा पट्टा ओढून त्यांनी ते वाघाखाली झाकून टाकले.

दुपारी वाघांना ताक दिले. ओठांचा रंग जाऊ नये म्हणून पपईच्या देठाची नळी. "त्याला तू दे," काका मला म्हणाले. मी पाटावर चढून पेला धरला, आणि तेव्हा समोरासमोर आले. पिवळ्या तोंडात टर्पेंटाइनने लाल झालेले दोन डोळे होते. अप्पांच्या डोळ्यांत इतके सरळ मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यांनी नजर वळवली नाही. पूर्ण पेला संपेपर्यंत ते माझ्या डोळ्यांकडे पाहत होते. वणांकडे नाही, डोळ्यांकडे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दोन्ही नीट आहेत ना ते तपासावे तसे.

काकांनी मला घरी पोचवले तेव्हा कपाळ घासून लाल झाले होते. उन्हे कलल्यावर तप्पूचा आवाज गल्लीत शिरला. आई, अक्का आणि मी ओट्यावर उभ्या होतो. पुढचे तिघे वाघ उड्या घेत होते. गोविंदनने तर दातांनी लिंबू उचलले. चौथा मात्र कोर्टात चालल्यासारखा चालत होता, आणि आठवण झाली की दोन पावले नाचत होता, तीही तालात नाही. लोक हसत होते. "वाघाला संधिवात झालाय," कोणीतरी ओरडले. अक्का हसून माझ्या खांद्यावर पडली. आई हळदीच्या पाण्याची घागर घेऊन खाली उतरली. नवसाच्या वाघाच्या पायांवर बायका पाणी घालत, तसे तिने घातले. मान वर केली नाही, पण घागर संपल्यावरही ती तशीच उपडी धरून उभी राहिली.

संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला अप्पा छत्री घेऊन घरी आले. "शेतात पाणी बरे आहे," म्हणाले. त्यांच्यामागून रॉकेल आणि खोबरेल तेल यांचा वास घरात आला, आणि त्याच क्षणी आईने स्वयंपाकघरात फोडणी टाकली, मोहरी, हिंग, लाल मिरच्या, एवढी मोठी की सगळे ठसकले. अक्का म्हणाली, "आई, वेड लागले का?" आई म्हणाली, "आज चिंचेचा भात आहे." जेवताना माझी पाळी आली तेव्हा मला इंग्रजी वाक्य सुचेना. अप्पांनी त्या दिवशी आग्रह केला नाही.

सकाळी मी नेहमीप्रमाणे त्यांच्यासमोर गेले. वर चढलेल्या करंगळीच्या नखाखाली पिवळी रेघ राहिली होती. मी वाकले, उठले, आणि जायला वळले.

"अंबू," अप्पा म्हणाले. "दोन्ही पायांचे पट्टे एकसारखे ओढले होतेस. वाघाचे तसे नसतात."

मी म्हटले, "पुढच्या वेळी नीट ओढीन."

"पुढची वेळ नाही," ते म्हणाले. "मी एकदाचेच बोललो होतो." मग त्यांनी कॉफी मागितली.

याविषयी आम्ही पुढे कधी बोललो नाही. मला लिहायला आवडले असते की त्यानंतर गोविंदन पायरीच्या वर येऊ लागला. तसे झाले नाही. तो रोज गाठोडे आणून पायरीखालीच उभा राहायचा आणि मी दिसले की नजर खाली घालायचा. कोर्टात कोणाला काही कळले नाही, अक्काचे लग्न तंजावरलाच झाले. काकांनी त्या दिवशी मला मुद्दाम नेले की खरेच दुसरे कोणी नव्हते, हे मी त्यांना विचारायचे ठेवून दिले, आणि ते राहून गेले.

तुमच्या शाळेच्या जत्रेत गालावर वाघ काढून घेतलेला तुमचा फोटो आला, त्याच्या थोडे आधी मी एका लग्नाला कुंभकोणमला गेले होते. उत्सवाचे दिवस होते. ती पडवी आता सिमेंटची आहे, रंग डब्यांतले येतात. एक नवीन पोरगी कुंचला घेऊन आली, बसली, समोरच्या वाघाच्या पावलाला कपाळ लावले, मग ओळीने बाकीच्यांच्या पाया पडली, आणि पिवळ्या कपाळाने कामाला लागली. मी तिच्या मास्तरला विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, "पहिल्या दिवशीचा नियम आहे, पाट्टी. फार जुना. वाघ कोणीही असो, कोणत्याही जातीचा, सगळ्यांच्या पाया पडायचे. हे केले नाही तर वाघ थकतो म्हणतात." मी म्हटले, असे होय.

मी निघाले नाही म्हणून असेल, त्याने हसून विचारले, "तुम्हालाही पडायचे आहे का?" कोपऱ्यात एक वाघ भिंतीकडे तोंड करून उभा होता. काठी ठेवली, भिंतीचा आधार घेतला, आणि बऱ्याच वेळाने वाकले. पाय तरुण होते, अनोळखी होते. करंगळी सरळ होती.